जाहीरनामा वाचून मत देणारा माणूस तुमच्या घरात आहे का?

धागा : एक्सेलभक्त (बोरिवली पूर्व)

नमस्कार मंडळी. धुरळा उडवायचा हेतू नाही. पक्षांची नावं टाळता आली तर उत्तम, नाही टाळता आली तर संपादक मंडळ समर्थ आहे.

जानेवारीत पालिकेची निवडणूक झाली. 2017 नंतर थेट 2026. मधली जवळपास चार वर्षं प्रशासक. एवढ्या काळाने मत द्यायला मिळतंय म्हणून मी ते जरा मनावर घेतलं. आमच्या प्रभागातल्या उमेदवारांची शपथपत्रं उतरवून घेतली, जाहीरनामे वाचले, पाणी, रस्ते, कचरा, मैदानं असे रकाने पाडून प्रत्येकाला गुण दिले. आदल्या रात्री जेवणं झाल्यावर तो तक्ता घरच्यांपुढे ठेवला.

आईने चष्मा लावून पाहिला आणि म्हणाली, "छान रंगवलंयस." तिचं मत आधीच ठरलं होतं. त्या उमेदवाराची बायको दर संक्रांतीनंतर सोसायटीत हळदीकुंकू ठेवते. वाण म्हणून कधी स्टीलचा डबा, कधी कापडी पिशवी. डब्यासाठी मत देतेस का, असं विचारलं तर चिडली. "डबे माझ्याकडे माळाभर आहेत. ती बी विंगमधल्या सावंतबाईंनाही बोलावते, त्यांचे मिस्टर गेले तरी. आणि सगळ्यांदेखत त्यांना कुंकू लावते. तुझ्या तक्त्यात हे कुठे बसतं?"

बाबांचं कारण आणखी सोपं. तो आपल्या देवगडकडचा, गणपतीला गावी बस सोडतो. आम्ही त्या बसने कधीच गेलेलो नाही. बाबा रेल्वेचं बुकिंग उघडलं की पहाटेपासून लॉगिन करून बसणाऱ्यांतले. तरीही बसचं कौतुक त्यांना.

शेजारचे काका जन्मभर धनुष्यबाणाला मत देत आले. 2023 मध्ये आयोगाने ते चिन्ह शिंदे गटाला दिलं तेव्हापासून निशाणीबरोबर जायचं की जुन्या घराण्याबरोबर, यातच ते अडकलेत. तिसरं काही बघायचं असतं हे त्यांच्या गावीही नाही.

बरं, ही माणसं अडाणी नाहीत. आई बँकेतून निवृत्त झाली. ठेवीवर पाव टक्का जास्त मिळावा म्हणून भर उन्हात तीन बँका पालथ्या घालते. मग मत देताना हा हिशेब जातो कुठे? टोमणे नकोत, खरंच जाणून घ्यायचंय.

प्रतिसाद : चर्चगेट_स्लो

जाहीरनामा मतदारासाठी असतो असं तुम्हाला कुणी सांगितलं? तो पत्रकार परिषदेत हातात धरून फोटो काढण्यासाठी असतो. 2014 च्या लोकसभेला भाजपचा जाहीरनामा 7 एप्रिलला आला. पहिल्या टप्प्याचं मतदान त्याच दिवशी होतं. रांगेत उभ्या माणसाने तो कधी वाचायचा? शेवटी 2019 मध्ये आयोगाला सांगावं लागलं, की मतदानाआधीच्या 48 तासांत जाहीरनामा काढायचा नाही.

हलके घ्या, पण तो एक्सेल मला व्यक्तिगत निरोपातून पाठवा. आमच्या सोसायटीच्या निवडणुकीला वापरतो. तिथे तरी पार्किंगवर मतं पडतात.

प्रतिसाद : सांख्यिकी_मास्तर

तुमच्या प्रश्नावर अँथनी डाऊन्स या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने 1957 मध्येच उत्तर देऊन ठेवलंय. एका मताने निकाल फिरण्याची शक्यता नगण्य, पण अभ्यासात जाणारे तास अगदी खरे. तेव्हा शहाणा माणूस अभ्यास करतच नाही. ठेवीचा पाव टक्का आईंच्याच खात्यात जमा होतो. मताचं तसं नाही. म्हणून तीन बँका फिरणारी बाई तीन जाहीरनामे वाचत नाही, आणि यात विसंगती काहीच नाही.

आता कुणीतरी म्हणेल, 2024 च्या लोकसभेला मुंबई उत्तर-पश्चिममध्ये रवींद्र वायकर फक्त 48 मतांनी आले, मग मताला किंमत नाही कशी? आहे. पण 48 म्हणजेही एक नव्हे.

दुसरा मुद्दा चेहऱ्याचा. प्रिन्स्टनच्या अलेक्झांडर टोडोरोव्ह यांनी 2005 मध्ये प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना अमेरिकी सिनेटच्या उमेदवारांच्या जोड्यांचे फोटो दाखवायचे, नाव-गाव-पक्ष काही सांगायचं नाही, आणि यातला जास्त कर्तबगार कोण वाटतो एवढंच विचारायचं. सुमारे 70 टक्के लढतींत ज्याच्याकडे जास्त बोटं गेली तोच प्रत्यक्षात जिंकलेला होता. पुढे 2009 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या मुलांना फ्रान्सच्या उमेदवारांचे फोटो दाखवून विचारलं, तुमच्या जहाजाचा कप्तान कोण? मुलांचा अंदाजही साधारण तितकाच बरोबर आला.

आपल्याकडे लोकसभा-विधानसभेला 2015 पासून यंत्रावर नावाशेजारी फोटोही असतो. एकाच नावाचे डमी उमेदवार उभे करून मतं खायचा धंदा थांबावा म्हणून ती सोय आली. तरी निशाणीचा घोळ उरतोच. 2024 च्या लोकसभेला साताऱ्यात तुतारी चिन्हावरचे शशिकांत शिंदे सुमारे 32 हजारांनी पडले आणि पिपाणी चिन्ह घेतलेला एक अपक्ष 37 हजार मतं घेऊन गेला. त्या 37 हजारांना कुठलं धोरण आवडलं होतं?

प्रतिसाद : परळची_पेन्शनर

एक्सेलभक्त, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. चारचौघींत नवरा गेलेल्या बाईला कुंकू लावणं हे धोरण नाही, हे कुणी ठरवलं?

मी महापालिकेत नोकरी केली. शेवटची बरीच वर्षं एका वॉर्ड ऑफिसात, नागरी सुविधा केंद्राच्या खिडकीमागे. नगरसेवक म्हणजे नक्की काय, ते सभागृहात दिसत नाही एवढं त्या खिडकीतून दिसतं. आधारवरचा पत्ता बदलायचाय, भाडेकरार नाही, घरमालक कागद देत नाही. मग नगरसेवकाचं पत्र लागतं. जन्मदाखल्यावर पोरीच्या नावाची वेलांटी चुकली, शाळा प्रवेश अडवते, बाप तीन वेळा हेलपाटे घालून गेलाय. चौथ्यांदा तो नगरसेवकाच्या ऑफिसातल्या पोराला घेऊन येतो आणि दुरुस्ती होते. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही. पत्राशिवाय व्हायला हवं. पण होत नाही, आणि ते खिडकीच्या अलीकडे बसलेल्या माझ्यापेक्षा पलीकडे उभ्या बाईला जास्त कळतं.

तिला नगरसेवकाबद्दल काय माहीत असतं? रात्री साडेनऊला त्याचं ऑफिस उघडं असतं का. सही मागताना "मत कुणाला दिलं होतंस" असं विचारतो का. बाईमाणसाला ताटकळत ठेवतो का. सभागृहात त्याने कशावर हात वर केला ते तिला ठाऊक नसतं, पण तो हातसुद्धा गटनेता सांगेल तसाच वर होतो. आमदार-खासदारांना तर 1985 पासून पक्षांतरबंदीच्या कायद्याने बांधून ठेवलंय. व्हिप मोडून मत दिलं तर पदावर गदा. मग एकेका माणसाच्या धोरणाला गुण देऊन करायचं काय? तुमच्या एक्सेलमध्ये 'रात्री साडेनऊ' हा रकाना होता का?

मार्च 2022 मध्ये नगरसेवक गेले, प्रशासक आले. आमच्या गल्लीतल्या माजीने पाटीवरच्या 'नगरसेवक' शब्दाआधी 'माजी' रंगवलं आणि ऑफिस तसंच चालू ठेवलं. त्याच्या सहीला आता कागदावर किंमत नव्हती. तरी लोक जायचे, कारण ऑफिसात फोन कुणाला लावायचा हे त्याला माहीत होतं. शेजारच्या प्रभागातल्याने दुसऱ्याच महिन्यात शटर ओढलं. ही परीक्षा कुणीही न ठरवता झाली आणि लोकांनी ती लक्षात ठेवली.

हे झालं कामाचं. पण सगळं मत कामावर जातं असंही नाही, म्हणून घरची गोष्ट सांगते.

आमचे आबा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. 18 जानेवारी 1982 ला संप झाला. अडीच लाख कामगार बाहेर, नेते डॉ. दत्ता सामंत. आई खाणावळ चालवायची. संप लांबला तशी जेवणारी माणसं गावी गेली, पंगत बसेनाशी झाली. आईने आधी पाटल्या मोडल्या, मग मोठी पातेली विकली. संप असा कधी मिटलाच नाही, नुसता विरत गेला. ज्यांना परत घेतलं त्यांत आबा नव्हते.

डिसेंबर 1984 मध्ये लोकसभा लागली. इंदिराबाईंची हत्या होऊन दोन महिनेही झाले नव्हते. देशभर काँग्रेसला 400 च्या वर जागा. मुंबईतल्या सहापैकी पाच काँग्रेसला. सहावी, आमची, दक्षिण-मध्य. तिथे सामंत अपक्ष उभे राहून निवडून आले. मतदानाचं वय तेव्हा 21 होतं, मला मत नव्हतं, पण तोंड होतं. मी आबांना विचारलं, ज्या माणसापायी आईची पातेली गेली त्याला मत दिलंत? ते म्हणाले, "त्याने आपल्याला विकलं नाही."

आता हे धोरणाच्या अज्ञानातून आलेलं मत नव्हे. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली एकाच संघटनेला मान्यता, कामगाराला ती नको असली तरी करार तिनेच करायचे. तो कायदा रद्द करा ही संपातली मागणी आबांना तोंडपाठ होती. एकटा अपक्ष खासदार दिल्लीत जाऊन तो कायदा रद्द करणार नाही, हेही त्यांना कळत होतं. तरी मत दिलं. आयुष्यभर वरच्या वर करार झालेले पाहिले होते. ज्याने आपल्याला विचारल्याशिवाय सही केली नाही असा माणूस त्यांना एकदा निवडून पाठवायचा होता, बस्स. 1989 ला तीच जागा शिवसेनेचे वामनराव महाडिक जिंकले. आबांनी तेव्हा कुणाला दिलं, ते मला माहीत नाही. विचारलं की पान लावायला घ्यायचे.

आणि धोरणाचंच म्हणाल तर आमच्या भागाचं नशीब ज्या धोरणाने बदललं ते मतदानात कुठे होतं? 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत 58 वा नियम होता. गिरणीची जमीन विकसित करायची तर ढोबळमानाने एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. 2001 मध्ये तो बदलला. वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची. शेडखालची जमीन हिशेबातून बाहेर, म्हणजे वाटणीला उरलं ते चिंधीएवढं. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल उचलून धरला. लोअर परळ स्टेशनातून उतरल्यावर जे काचेचं दिसतं ते यातून उगवलंय. आमच्या दारात 1999 लाही मतं मागायला आले, 2004 लाही आले. एकाच्याही तोंडून 58 हा आकडा मी ऐकला नाही. आबांनी मत कशावर द्यायचं होतं?

उलट, धोरण सरळ मतदाराच्या हातात ठेवलं तेव्हा काय झालं तेही बघा. 2004 च्या विधानसभेला काँग्रेसचं आश्वासन होतं, की झोपड्यांना संरक्षण देणारी 1 जानेवारी 1995 ही तारीख पुढे नेऊन 2000 करू. झोपडपट्टीत याहून स्पष्ट धोरण असूच शकत नाही. तिथे सगळं आयुष्य त्या तारखेच्या अलीकडे की पलीकडे यावर असतं. ऑक्टोबरमध्ये मतदान झालं, आघाडीचं सरकार परत आलं, आणि डिसेंबर-जानेवारीत त्याच सरकारच्या काळात हजारो झोपड्यांवर बुलडोझर फिरला. 2000 या तारखेला कायद्यात जागा मिळायला 2014 उजाडलं. ज्याचं घर मधल्या काळात गेलं, त्याने पुढच्या वेळी जाहीरनामा वाचावा, की बुलडोझरपुढे कोण उभं राहिलं होतं ते आठवावं?

सगळीच आश्वासनं हवेत जातात असं नाही हं. 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ, हे शिवसेनेने 2017 ला सांगितलं होतं. निर्णय जाहीर झाला 1 जानेवारी 2022 ला. पाच वर्षांची मुदत संपता संपता का होईना. आमच्या चाळीत ते सगळ्यांना माहीत होतं. खोलीचं क्षेत्रफळ प्रत्येकाला पाठ असतं.

प्रतिसाद : वसईकर

पेन्शनरताई, प्रतिसाद जबरदस्त. पण यातून गोविंदा सुटत नाही!

2004, मुंबई उत्तर. समोर राम नाईक. 1989 पासून सलग पाच वेळा खासदार, रेल्वे प्रवाशांसाठी रक्त आटवलेले, पेट्रोलियम मंत्री, ऑफिस उघडं ठेवणारे, दरवर्षी कामाचा अहवाल छापून वाटणारे. तुमच्या 'रात्री साडेनऊ'ला पैकीच्या पैकी. आणि पडले कुणाकडून? नाचणाऱ्या नटाकडून, 48 हजारांच्या आसपास मतांनी. मास्तरांचा 48 इथेही आलाच. माझे वडील रोज सकाळच्या लोकलला लटकणारे. त्यांनी राम नाईकांना मत दिलं आणि निकालाच्या रात्री जेवले नाहीत.

प्रतिसाद : परळची_पेन्शनर

तुमच्या वडिलांच्या जागी मी असते तर मीही जेवले नसते. गोविंदाचं समर्थन मी करणार नाही. तो विरारमध्ये वाढलेला, मतदारसंघ तेव्हा तुमच्या वसईकडे पसरलेला, घरचा पोरगा म्हणून काही मतं गेली असतील. काही नुसती हौस म्हणून. पण 2009 ला तो उभाच राहिला नाही, आणि 2019 ला त्याच जागेवर उर्मिला मातोंडकर साडेचार लाखांच्या वर मतांनी पडल्या. नुसता पडद्यावरचा चेहरा पुरतो असं या जागेबद्दल तरी म्हणता येत नाही.

आणि त्याच उत्तर मुंबईने 1977 ला मृणाल गोरेंना दिल्लीला पाठवलं होतं. गोरेगावात हंडे घेऊन मोर्चे काढून त्या 'पाणीवाली बाई' झाल्या. त्यांना मत देणाऱ्याने माणूस पाहिला की धोरण? मला तरी ते वेगळं काढून दाखवता येणार नाही. तुमच्या एक्सेलमध्ये दोन रकाने एक करायची सोय असते ना, तसं काहीतरी.

प्रतिसाद : माटुंगा_रोड

सगळं रम्य चाललंय. फक्त 'ओळखीचा', 'आपल्याकडचा', 'विकणार नाही असा' या पांघरुणाखाली जात, भाषा आणि धर्म झोपलेत, त्यांना उठवतो.

1952 ची पहिली लोकसभा. 'मुंबई शहर उत्तर' या मतदारसंघात बाबासाहेब आंबेडकर उभे होते. संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष, देशाचे माजी कायदेमंत्री. एक्सेलभक्तांनी तक्ता केला असता तर सगळे रकाने हिरवे. काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून सुमारे साडेचौदा हजार मतांनी हरले. काँग्रेसची तेव्हाची निशाणी, बैलजोडी, चालली.

आणि एक्सेलभक्त, राग मानू नका. तुमचे बाबा 'देवगडकडचा' म्हणून मत देतात ते कौतुकाने सांगता. हाच निकष पलीकडच्या बिल्डिंगमधला जौनपूरवाला किंवा काठियावाडी लावतो, मोहम्मद अली रोडवरचा लावतो, तेव्हा आपण त्याला व्होट बँक म्हणतो. पेन्शनरताईंच्या खिडकीवर पत्र घेऊन येणाऱ्यांतही, नगरसेवकाच्या ऑफिसात आधी कुणाला खुर्ची मिळत होती आणि कोण बाहेर उभं होतं, ते त्यांनी सांगावं.

प्रतिसाद : परळची_पेन्शनर

सांगते. आडनाव ऐकून आवाज बदलणारे होते. पत्र द्यायचे, पण असं लिहून, की आम्हाला वाचल्यावर कळावं हा 'आपला' नाही. तसं पत्र आलेला माणूस मी मुद्दाम आधी घ्यायचे. त्यावरून साहेबांची बोलणीही खाल्ली आहेत. तुमचं म्हणणं खोडणार नाही.

फक्त एक भर. आमच्याकडे असाही एक होता की ज्याच्या जातीची प्रभागात मोजून चार घरं असतील, आणि तो पुन्हा पुन्हा निवडून यायचा. मयताला पोचायचा, आणि पोचला की तिरडी बांधायला बसायचा. बाकीचे हार घालून, फोटो काढून निघायचे.

प्रतिसाद : एक्सेलभक्त

सर्वांचे आभार. बाबांना माटुंगा_रोड यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. ते म्हणाले, "बरोबर बोलतोय. कुठला आहे हा?" यावर काय बोलू?

आईला 'रात्री साडेनऊ'चा रकाना फार आवडला. तिने आणखी दोन सुचवले : बायकोला सभेत बोलू देतो का, आणि हरल्यावर दिसतो का. दुसरा भरायला पाच वर्षं थांबावं लागेल.

काकू, शेवटचं विचारतो. जानेवारीत तुम्ही मत कशावरून दिलंत? कुणाला ते नका सांगू.

प्रतिसाद : परळची_पेन्शनर

आमची सेसची, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी बिल्डिंग. टेकू लावून उभी आहे. पुनर्विकासाच्या नावाने पोरांची लग्नं झाली, नातवंडं झाली. प्रचाराला जो आला त्याला मी एकच विचारलं, बिल्डिंगचं काय? एक म्हणाला, निवडून आल्यावर पहिलं काम तेच. दुसऱ्याने मोबाइलवर टॉवरचं चित्र दाखवलं, त्यात पोहण्याचा तलाव होता. तिसरा जिना चढून धापा टाकत होता. पाणी प्यायला आणि म्हणाला, "आजी, तो विषय म्हाडाचा आणि मालकाचा. नगरसेवकाच्या हातात त्यातलं फारसं काही नाही. मागच्या गल्लीतलं गटार तुंबतं, त्याचं बोला, ते माझ्याने होईल."

मत त्याला दिलं. पडला. अनामत तेवढी वाचली म्हणे.